पाहुणा डब्यात का ठेवत नाही, जरा मागचं सांगतो

येत्या शनिवारी नवीन पाहुणा येतोय, म्हणजे आपल्या जिओकॅशिंगमधली (जीपीएसवरून लपवलेले डबे शोधायचा खेळ) गावोगाव फिरणारी वस्तू. लोकरीचं मेंढरू आहे, मुठीएवढं, गळ्यात नंबर असलेला धातूचा बिल्ला, आत्तापर्यंत नऊ देश फिरून झालेत. आणि यावेळी निम्मे लोक नवीन असल्यामुळे तोच प्रश्न परत आला की बाकी जगात हे डब्यात लपवून ठेवतात, मग पुण्यातच हातोहात का? दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. कोऑर्डिनेट्स कसे टाकायचे, ॲप कुठलं, लॉग (वस्तू कुठे पोचली याची ऑनलाइन नोंद) कसा करायचा हे सांगत बसत नाही, ते सगळ्यांना येतं.

आधी थोडं जुनं. फिरणारी वस्तू आणि ती बघायला जमणारी माणसं हा प्रकार आपल्याला कोणी शिकवायला नको. तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला न्यायची पद्धत १६८५ पासूनची, आणि दरवर्षी त्या पुण्यात येतात तेव्हा अर्धं शहर नाना पेठेत असतं. काशीहून आलेला गंगेचा सीलबंद गडू घरात यायचा, मावंदं घालायचे, चार घरची माणसं गडूला नमस्कार करून जेवून जायची. आणि देवाधर्माचं सोडा, ओटीतलं ब्लाउज पीस घ्या! घडीसुद्धा न मोडता या घरातून त्या घरात फिरत फिरत चार वर्षांनी परत आपल्याच कपाटात येतं, त्याला नुसता एक नंबर चिकटवला असता तर हा खेळ सदाशिव पेठेत कधीच सुरू झाला असता. पण या सगळ्यात एक फरक आहे, गावाला वस्तू दाखवायची असते. आपण करतो ते उलटं, वस्तूला गाव दाखवायचं.

हे उलटं कुठून आलं त्याचे दोन-तीन धागे सांगतात. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या मुलांकडून जपानला १२,७३९ बाहुल्या गेल्या, प्रत्येकीचा छोटा पासपोर्टसुद्धा होता, आणि जपानने उलट ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या ज्या तिकडे गावोगाव फिरवल्या. पुढे युद्धात जपानमध्ये गेलेल्यांपैकी बऱ्याचशा शत्रूच्या म्हणून जाळून टाकल्या. मग ऐंशीच्या दशकात बागेतले लाल टोपीवाल्या बुटक्यांचे शोभेचे पुतळे पळवायचे आणि ते प्रवासाला गेलेत असे फोटो मालकाला पाठवायचे असा चावटपणा ऑस्ट्रेलियात आणि नंतर युरोपात चालला. १९९५ मध्ये कॅनडातल्या एका शिक्षकाने मुलांना कागदी माणूस कापून पोस्टाने दूर पाठवायला लावला, ज्याच्याकडे पोचेल त्याने त्याला आपलं गाव फिरवायचं आणि काय काय दाखवलं ते लिहून परत पाठवायचं. मला विचाराल तर आपला खरा पूर्वज हा कागदी माणूस. डबेवाले, म्हणजे आपल्यातले वस्तू डब्यातच ठेवा म्हणणारे, हे मान्य करत नाहीत, त्यांचं म्हणणं सगळं २००० पासून सुरू होतं.

तर २०००. १ मेच्या रात्री, म्हणजे नेमका आपला महाराष्ट्र दिन, अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. आधी शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र एकदम दहा-वीस मीटरवर आलं. ३ मेला ओरेगॉनमध्ये एका माणसाने जंगलात एक बादली अर्धी पुरली, आत वही, पेन्सिल, गलोल, बीन्सचा डबा वगैरे किरकोळ सामान, आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. एवढाच नियम. पुढच्याच वर्षी नंबरवाले बिल्ले आले, कुत्र्याच्या गळ्यात असतात तसे. हा बिल्ला लावलेली वस्तू तुमची होत नाही, तुम्ही तिला फक्त पुढे न्यायची. मालक घरी बसून नकाशावर बघतो ती कुठे पोचली, आणि बऱ्याचदा तिला काहीतरी कामही लावून देतो, समुद्र बघून ये, सगळ्या राजधान्या कर, असं.

पुण्यात हे आलं ते आयटीबरोबर. हिंजवडीची मुलं ऑनसाइटला जायची, तिकडे वीकेंडला करायला काही नसायचं, कोणीतरी कलीग डबे शोधायला घेऊन जायचा आणि येताना बॅगेत एखादा बिल्ला यायचा. मी पहिला बघितला २००८ मध्ये, क्यूबिकलमध्ये मॉनिटरवर बसवलेलं लाकडी बदक. तोपर्यंत नोकियाच्या एन ९५ मध्ये जीपीएस आलेला होता (उघड्यावर उभं राहून पाच मिनिटं सॅटेलाइटची आराधना करायला लागायची ते वेगळं) आणि आमच्यातले निम्मे ट्रेकिंगवाले होते, त्यामुळे डबे कुठे ठेवायचे हा प्रश्नच नव्हता, किल्ले आणि टेकड्या. ते बदक सिंहगडाच्या वाटेवर एका डब्यात गेलं आणि पुढचे सात महिने तिथेच बसलं. त्या काळात मालकाला पुण्याचा एकच फोटो मिळाला, त्यात एक दगड आणि दगडावर शेवाळ. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणार आहे.

आता मूळ भांडण. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीचा स्फोट झाला, १७ माणसं गेली. बॉम्ब बेवारस बॅगेत होता. त्यानंतर हे शहर वस्तूंकडे बघायला वेगळ्याच पद्धतीने शिकलं, बसमध्ये, स्टेशनवर, थिएटरात तेच, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. आणि आम्ही काय करत होतो तर चिकटपट्टी गुंडाळलेले प्लास्टिकचे डबे झुडपात ठेवत होतो, आजूबाजूला कोणी बघत नाही ना हे बघून. आज लिहिताना अंगावर काटा येतो. तरीही दोन वर्षं ते तसंच चाललं, फक्त शहरातले डबे थोडे कमी झाले. २०११ मध्ये इंग्लंडात वेदरबी नावाच्या गावात असाच एक डबा ठेवताना कोणीतरी कोणालातरी बघितलं, पोलिस आले, बॉम्ब पथकाने डबा उडवला, नंतर कळलं की खेळातला होता. ती बातमी आमच्यात फिरली, लोक हसले, इंग्रज घाबरट म्हणाले.

मग १ ऑगस्ट २०१२. संध्याकाळी जंगली महाराज रोडवर पाठोपाठ स्फोट झाले, कमी तीव्रतेचे, पण जेएम रोडवर, म्हणजे जिथून आपण सगळेच रोज जातो तिथे, आणि त्यातली काही स्फोटकं सायकलींवर ठेवलेली होती. त्याच आठवड्यात आमच्यातल्या एकाला एका बागेच्या वॉचमनने बाकाखाली हात घालताना पकडलं, चौकीत बसवलं, तीन तास. डबा उघडून दाखवला तर आत वही, दोन गोट्या आणि प्लास्टिकचं झुरळ! साहेबांना काय समजावणार, की हे स्वीडनमधल्या एका बाईंचं झुरळ आहे आणि ते जगप्रवासाला निघालंय?

त्या रविवारी अमृततुल्यात सात-आठ जण जमलो आणि ठरलं की शहराच्या हद्दीत डबा ठेवायचा नाही, बिल्लेवाल्या वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणार. ठरलं म्हणजे चार विरुद्ध तीन असं ठरलं, एक जण चहा सांगायला उठला होता आणि त्याचं मत काय होतं यावर अजून वाद आहे.

डबेवाल्यांचं म्हणणं मी होईल तेवढं सरळ मांडतो. त्यांचं पहिलं म्हणणं, शोधणं हाच खेळ आहे, ते काढलं तर उरतं काय, खेळणं घेऊन फोटो काढत फिरणं. दुसरं, हातोहात दिलं की वस्तू ओळखीतच फिरते, कोथरूडमधून कर्वेनगरला आणि परत कोथरूडला, अनोळखी माणसाला ती सापडण्यातली गंमतच जाते. तिसरं जरा तांत्रिक आहे पण खरं आहे. हातातली वस्तू लॉगमध्ये कुठल्याच जागी नसते, माणसाच्या नावावर असते, आणि तो माणूस आळशी निघाला तर ती कपाटातच मरते. असं दोनदा झालंय. एक जण बिल्ला घेऊन बंगळुरूला शिफ्ट झाला तो झालाच.

हातोहात द्या म्हणणाऱ्या हातवाल्यांचं म्हणणं एवढंच होतं की चौकीत परत कोणी बसणार नाही. शिवाय संरक्षित वास्तूच्या आवारात काही लपवणं मुळात चूकच आणि खेळाचे स्वतःचे नियमसुद्धा जागामालकाची परवानगी घ्या म्हणतात, जी आपण कधी कोणाकडे मागितली? कोणाकडेच नाही. मी हातवाला होतो हे लपवत नाही. पण तेव्हा कोणाच्या डोक्यात नसलेली एक गोष्ट नंतर झाली. वस्तू डब्यात असायची तेव्हा ती पुण्यात असून पुण्यात नसायची, बदकाचं शेवाळ आठवा. घरी यायला लागल्यावर तिचं करायचं काय हा प्रश्न पडला, आणि पुणेकराच्या घरी बाहेरगावचं कोणी आलं की तो काय करतो ते आपल्याला माहीतच आहे. गाव दाखवतो, वर माहिती पण देतो, न विचारता.

नावाचा घोळ पण इथेच सुटला. बिल्ल्याच्या मूळ इंग्रजी नावात, ट्रॅव्हल बगमध्ये, किडा आहे आणि त्याचं मराठी करायला गेलं की प्रवासी ढेकूण होतो, जो आपल्याला रेल्वेत भेटलेला आहे, त्यामुळे ते बाद. एका काकांनी ‘ठेव’ सुचवलं, अर्थाने अगदी बरोबर, दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे विश्वासाने दिलेली, पण ‘माझ्याकडे जर्मनीची ठेव आलीय’ असं फोनवर बोलल्यावर घरच्यांना वाटलं एफडी. मग २०१३ मध्ये आमच्यातल्या एक काकू पु. ल. देशपांडे उद्यानात एका बाहुलीचा फोटो काढत होत्या (ते उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या बागेवरून केलेलं, बाहुली जपानी, म्हणून मुद्दाम तिथे), बाहुली पुलाच्या कठड्यावर ठेवून चार पावलं मागे गेल्या तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला आणि म्हणाला कोणाचं आहे हे, बेवारस? काकू म्हणाल्या, “अहो बेवारस काय, पाहुणी आहे ती आमची!” तो हसला आणि त्यानेच दोघींचा एकत्र फोटो काढून दिला. तेव्हापासून पाहुणा किंवा पाहुणी, डबेवालेसुद्धा तेच म्हणतात.

नंतरचं पटकन. पहिली काही वर्षं प्रत्येक पाहुणा शनिवारवाड्यालाच जायचा, म्हणजे दिल्ली दरवाज्यासमोरच, कारण १८२८ च्या आगीनंतर आत राहिलीत जोती आणि कारंजं, मुठीएवढ्या पाहुण्याला तिथे उभं केलं तर फोटोत नुसतं गवत येतं. एकाच मालकाच्या दोन पाहुण्यांचे सारखेच फोटो गेले तेव्हा त्याने विचारलं की तुमच्या गावात एकच दरवाजा आहे का. मग लोक पाताळेश्वराच्या गोल नंदीमंडपात, पर्वतीच्या पायऱ्यांवर, १८८६ सालच्या मंडईच्या इमारतीत भाजीच्या ढिगावर असे फोटो काढायला लागले. मंडईतल्या मावशींनी एकदा डच बुटक्याच्या बाजूला मुळा ठेवून बघितला आणि मुळाच उंच निघाला. सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो मात्र अजून सारसबागेचाच, थंडीत गणपतीला स्वेटर घालतात त्या दिवसातला, मागे स्वेटरमधला बाप्पा आणि पुढे नॉर्वेचा बिनकपड्याचा ट्रोल. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे मेट्रो सुरू झाली तेव्हापासून मेट्रोची राइड कंपल्सरी झालीय.

इन्स्टामुळे एक नवीनच भानगड आली, तीही सांगून ठेवतो. बिल्ल्यावरचा नंबर फोटोत दिसला की जगातला कोणीही पाहुणा न बघता ‘बघितला’ असा लॉग टाकू शकतो. मागच्या एका पाहुण्याला एका रात्रीत सत्तर लोकांनी बघितलं, त्यातलं पुण्यात कोणी नव्हतं. तेव्हा नंबरवर बोट ठेवा नाहीतर बिल्ला उलटा करा.

डब्यांचा वाद संपलाय असं नाही. २०१९ मध्ये पुन्हा मत घेतलं, किल्ल्यांवर तरी परवानगी द्या अशी मागणी होती, परत पडली, यावेळी फरक मोठा होता. हद्दीबाहेर दोघातिघांचे डबे आहेत, त्यांचे ते बघतात. त्यात काय आहे मला विचारू नका.

शनिवारच्या मेंढराचं काम मालकाने असं लिहिलंय की त्याला जिवंत मेंढरं दाखवायची, होतील तेवढी. दसरा होऊन गेलाय, धनगरांचे कळप घाटाकडे निघालेले आहेत, मागच्या बुधवारी सकाळी सहाला एक कळप पिरंगुटच्या अलीकडे रस्ता अडवून चाललेला मी स्वतः बघितलाय. ज्यांच्याकडे पहिले चार दिवस पाहुणा आहे त्यांनी अलार्म लावा, आणि त्याला जमिनीवर ठेवू नका, हातात धरा, नाहीतर मेंढरं खातील.