उसाचा दर आणि जिनिव्हातल्या रिकाम्या खुर्च्या

दिवाळी जवळ आली की सांगली जिल्ह्यात एकच विषय असतो: पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, किती? ऊस परिषद, ठिय्या, वाहनं अडवणं, मग कुठंतरी तडजोड आणि गाळप सुरू. वाळव्यापासून कराडपर्यंत कृष्णाकाठचा हा ठरलेला क्रम. भांडण शेतकरी आणि कारखानदार यांच्यात दिसतं, आणि ते खरंच आहे. पण कारखान्याच्या हातात पैसा किती येणार, हे बऱ्याच अंशी न्यूयॉर्कच्या बाजारात आणि जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत ठरतं. त्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

जगात कच्च्या साखरेचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे होतात तिथं, निघतो, तोही पौंडाला अमुक सेंट असा. २०१८-१९च्या हंगामात तो १२ सेंटांच्या आसपास रेंगाळत होता. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणजे किलोला साडेसव्वीस सेंट. डॉलर ७० रुपयांचा धरला तर किलोला साडेअठरा रुपये. आता इकडचा हिशेब. त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती. शंभर किलो उसातून दहा किलो साखर निघते, म्हणजे किलोभर साखरेत नुसता ऊसच साडेसत्तावीस रुपयांचा. पगार, व्याज वेगळंच. मळी आणि बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) पैसे धरले तरी मेळ बसत नाही. म्हणून सरकारनं निर्यातीला मदत दिली. २०१९-२०च्या हंगामासाठी तर ६० लाख टनांपर्यंत टनाला १०,४४८ रुपये.

भाव इतका पडतो कसा? ब्राझीलमधले कारखाने उसापासून साखर करायची की इथेनॉल, हे भाव बघून ठरवतात. कच्चं तेल स्वस्त झालं की ते साखरेकडे वळतात. त्यांचं चलन घसरलं की डॉलरचे त्यांच्या घरी जास्त पैसे होतात, मग कमी भावातही विकायला परवडतं. त्यात ज्यांना साखरेचं पोतं कधीच उचलायचं नाही असे गुंतवणूक फंड मोठे सौदे करून भाव आणखी वर-खाली ढकलतात. उलटही होतं: २०२१-२२ला जागतिक भाव चढा होता, आणि भारतातून अनुदानाशिवाय सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली.

या फंडांवर लक्ष कुणाचं? अमेरिकेचा वायदे नियामक आयोग कुणाचे किती सौदे उभे आहेत ते दर आठवड्याला जाहीर करतो, पण त्याचा अधिकार अमेरिकेपुरता. आपल्याकडे शेतमालाच्या वायद्यांवर २०१५पासून सेबीची देखरेख आहे, तीही देशापुरतीच. जगभरच्या अशा नियामकांची संघटना माद्रिदला आहे. शेतमालासह सगळ्या वस्तूंच्या वायद्यांसाठी तिनं २०११मध्ये तत्त्वं ठरवली, पण ती कुणावर बंधनकारक नाहीत. पैसा एका रात्रीत देश ओलांडतो आणि त्याच्यावरचा कायदा सीमेवरच थांबतो.

व्यापाराला मात्र लेखी कायदा आहे. २०१९मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. एक आक्षेप निर्यात अनुदानावर होता, दुसरा थेट एफआरपीवर. हा दुसरा आक्षेप प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत असायला हवा. संघटनेच्या शेती कराराचं सूत्र असं: सरकारनं ठरवलेल्या दरातून एक ‘संदर्भ किंमत’ वजा करायची, उरलेल्या रकमेला उत्पादनानं गुणायचं. येणारा आकडा विकसनशील देशात त्या पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये. पण ही संदर्भ किंमत १९८६ ते ८८ या वर्षांची, तिथंच गोठवलेली! तेव्हा डॉलर साधारण १३ रुपयांचा होता. आजचा दर आणि तेव्हाची किंमत यांच्यातला फरक बराचसा महागाईचा आहे, आणि सूत्र त्याला अनुदान म्हणतं. हा सरळ अन्याय आहे.

भारताचं म्हणणं होतं की एफआरपी सरकार देत नाही, कारखाने देतात. संघटनेच्या लवाद मंडळानं ते मानलं नाही. डिसेंबर २०२१ला निकाल विरोधात गेला आणि भारतानं अपील केलं. पण अपील ऐकायला कुणीच नव्हतं. अपील मंडळात सात सदस्य लागतात, एका प्रकरणाला किमान तीन. अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९पासून तिघांचाही कोरम उरला नाही. अपिलाचा निर्णय होईपर्यंत मूळ निकाल लागू होत नाही, त्यामुळे प्रकरण लोंबकळत पडलं.

दिल्लीत अनेकांना यात सुटका वाटते. मला नाही वाटत. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावलं. त्याविरुद्ध आपण तक्रार जिंकलो असतो, तरी समोरच्यानं याच रिकाम्या मंडळाकडे अपील टाकून ती तशीच लोंबकळत ठेवली असती. बलाढ्य देशाचं न्यायमंडळाशिवाय भागतं. कृष्णाकाठच्या दोन एकरवाल्याच्या वतीनं भांडणाऱ्या देशाचं भागत नाही.

युरोपीय संघ, चीन आणि इतर काही देशांनी २०२०मध्ये आपसात तात्पुरती अपील व्यवस्था उभी केली. दहा जणांच्या यादीतले तिघे प्रकरण ऐकतात आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आपल्याविरुद्ध तक्रार करणारे तिन्ही देश तिच्यात आहेत, भारत नाही. मूळ मंडळच पुन्हा सुरू व्हावं ही आपली भूमिका तत्त्वतः बरोबर आहे. २०२२च्या मंत्री परिषदेत सर्व सदस्यांनी त्यासाठी २०२४ची मुदतही घेतली होती, पण ती उलटून गेली. तोवर भारतानं तात्पुरत्या व्यवस्थेत जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. १९८६-८८चा घोळ मात्र कुठलंही न्यायमंडळ सोडवणार नाही. त्यासाठी करारच बदलावा लागेल, आणि ती मागणी एफआरपीच्या मागणीइतक्याच जोरानं ऊस पट्ट्यातल्या खासदारांनी संसदेत लावून धरायला हवी.