पॉल व्हॅन डाइक: भिंतीपलीकडचा रेडिओ आणि बर्लिनचा ट्रान्स

बर्लिनच्या भिंतीने माणसं अडवली, रेडिओच्या लहरी मात्र तिला अडवता आल्या नाहीत. पश्चिम बर्लिनमधली 'रियास' आणि 'एसएफबी' ही केंद्रं पूर्वेकडे सहज लागत, आणि तिकडची कितीतरी पोरं त्यांना कान लावून मोठी झाली. मथियास पॉल त्यांतलाच एक. पुढे पॉल व्हॅन डाइक या नावाने तो ट्रान्सचा, म्हणजे सुरावटीच्या लांबलचक चढावाच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा, डीजे आणि संगीतकार म्हणून जगभर गाजला.

त्याचा जन्म १६ डिसेंबर १९७१ चा, आयझेनह्युटेनश्टाटचा. ओडर नदीकाठी, पोलंडच्या सीमेलगत, १९५० नंतर पोलाद कारखान्यासाठी मुद्दाम वसवलेलं हे शहर. तो वाढला मात्र पूर्व बर्लिनमध्ये, आईजवळ. 'द स्मिथ्स' आणि 'न्यू ऑर्डर' हे मँचेस्टरचे बँड त्याच्या खास आवडीचे. नृत्यसंगीतही त्याने आधी ऐकलं ते रेडिओवरच. ज्या क्लबांत ते वाजत होतं तिथे जायची सोयच नव्हती. माझ्या मते त्याच्या संगीताचं मूळ इथे आहे. इतर डीजे नाचणाऱ्या गर्दीत घडले, तर हा एकट्याने ऐकत घडला. म्हणून त्याच्याकडे ठेक्याइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व सुरावटीला आहे.

भिंत पडण्याच्या थोडंच आधी त्याला आणि त्याच्या आईला पूर्व जर्मनी सोडायची परवानगी मिळाली आणि दोघं पश्चिम जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेली. नोव्हेंबर १९८९ मध्ये सीमा खुली झाली आणि पुढच्याच वर्षी तो बर्लिनला परतला. सुतारकाम शिकत होता, जमेल तेव्हा रेकॉर्ड वाजवत होता.

त्या वेळचं बर्लिन समजून घेतल्याशिवाय त्याची पुढची वाट कळत नाही. पूर्वेकडे कारखाने, गोदामं, सरकारी इमारती ओस पडल्या होत्या. कुठली वास्तू कोणाच्या मालकीची, हे ठरायला वेळ लागणार होता, आणि तेवढ्या अवधीत तरुणांनी तिथे ध्वनियंत्रणा नेऊन ठेवली. मार्च १९९१ मध्ये 'ट्रेझोर' हा क्लब सुरू झाला तो जुन्या वेर्टहाइम डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत. गंजलेल्या लॉकरांच्या रांगा, लोखंडी गज, छत इतकं खाली की घामाची वाफ वरून ठिबकायची. व्हॅन डाइकने लोकांसमोर पहिल्यांदा वाजवलं ते इथेच, त्याच वर्षी. नंतर 'ई-वेर्क' या जुन्या वीजकेंद्रात थाटलेल्या क्लबमध्ये त्याचं बस्तान बसलं.

इथे मार्क रीडरचं नाव घ्यायलाच हवं. हा मूळचा मँचेस्टरचा, १९७८ पासून पश्चिम बर्लिनमध्ये राहणारा, 'न्यू ऑर्डर'च्या 'फॅक्टरी रेकॉर्ड्स'चा जर्मनीतला प्रतिनिधी. भिंत पडल्यावर त्याने 'एमएफएस' ही रेकॉर्ड कंपनी काढली, तीही पूर्व जर्मनीच्या सरकारी 'अमिगा' कंपनीच्या आवारात. एमएफएस ही अक्षरं पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलीस खात्याची, श्टाझीची. ज्या अक्षरांची लोकांना धास्ती होती, ती आता नाचाच्या रेकॉर्डवर छापून येऊ लागली! व्हॅन डाइकची सुरुवातीची कामगिरी याच कंपनीची: आधी 'कॉस्मिक बेबी' या नावाने वाजवणाऱ्या संगीतकारासोबत 'व्हिजन्स ऑफ शिवा' ही जोडी, मग १९९४ चा '४५ आरपीएम' हा अल्बम. त्याआधी १९९३ मध्ये त्याने 'न्यू ऑर्डर'च्या 'स्पूकी'चं रिमिक्सही केलं. ज्यांची गाणी भिंतीअलीकडे बसून ऐकली, त्यांचंच गाणं त्याच्या हाती आलं होतं.

'४५ आरपीएम'मध्येच 'फॉर अॅन एंजल' आहे. १९९८ मध्ये नव्या रूपात आल्यावर ते ब्रिटनच्या क्लबांत दुमदुमलं. त्याची बांधणी नीट ऐकण्यासारखी आहे. ठेका स्थिरावतो, सूर हळूहळू एकावर एक चढतात, मग मध्येच ढोल थांबतो आणि सुरावट एकटी उरते. ठेका परत येतो तेव्हा गर्दी उसळते. हीच बांधणी पुढे इतक्यांनी उचलली, की तिचा साचा झाला. मूळ रचनेची ताकद त्यामुळे कमी होत नाही.

आपल्याकडे ट्रान्स म्हटलं की अंजुनाचा किनारा आठवतो. गोव्याचा सायकेडेलिक ट्रान्स ही वेगळी शाखा. तिचा ठेका जास्त जलद, आवाज वळवळता. व्हॅन डाइकचा नातेसंबंध मुंबईशी आहे, तोही वेगळ्या कारणाने. वस्त्यांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या 'आकांक्षा' संस्थेला त्याने मदत केली आणि बर्लिनमध्येही गरजू मुलांसाठी उपक्रम उभा केला.

'एमएफएस'शी फारकत झाल्यावर त्याने 'व्हॅन्डिट' ही स्वतःची कंपनी काढली. २००० चा 'आउट देअर अँड बॅक', २००३ चा 'रिफ्लेक्शन्स', मग २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षं 'डीजे मॅग' या ब्रिटिश मासिकाच्या वाचकांच्या कौलात पहिला क्रमांक. मंचावर रेकॉर्डची जागा लॅपटॉप आणि कीबोर्डने घेतली. तयार गाणी जोडण्याऐवजी तो तिथल्या तिथे त्यांची फेररचना करू लागला. २००४ मध्ये गायक पेटर हेपनरसोबत केलेलं 'वीर झिंड वीर' ('आम्ही म्हणजे आम्ही') हे गाणं युद्धोत्तर जर्मनीबद्दल आहे. त्यावर राष्ट्रवादाचा आरोपही झाला. मला तो पटत नाही. दोन्ही जर्मनींत राहिलेल्या माणसाला 'आम्ही' म्हणायचा हक्क असायलाच हवा.

फेब्रुवारी २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या कार्यक्रमात तो मंचातल्या कापडाने झाकलेल्या पोकळीतून खाली कोसळला. मणका मोडला, मेंदूला गंभीर इजा झाली. बोलणं, चालणं नव्याने शिकावं लागलं. त्याच वर्षी तो पुन्हा मंचावर उभा राहिला, २०१७ मध्ये 'फ्रॉम देन ऑन' आणि २०१८ मध्ये 'म्युझिक रेस्क्यूज मी' हे अल्बम त्याने पूर्ण केले.