उंदराचा बेल आणि वहिनीचा बेल

"बेलाचा काढा देल्ला तं चालते ना रे? मोबाइलवर आलं, बेल किरणांपासून आतडं वाचवते म्हणे."

यवतमाळकडच्या आमच्या गावातून काकूचा फोन. वहिनीचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक, म्हणजे किरणांचे उपचार, नागपूरला चालू होता आणि तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले होते. मोबाइलवर आलेलं अगदीच खोटं नव्हतं. पण तो बेल वेगळा आणि काकूच्या गंजातला, म्हणजे पातेल्यातला, वेगळा.

कर्नाटकात मणिपालला संशोधकांनी बेलाच्या पानांचा अर्क पाणी-अल्कोहोलात काढला आणि मिलिग्रॅममध्ये मोजून उंदरांना दिला. तोंडानं नाही, सुईनं पोटाच्या पोकळीत. तोही किरणं द्यायच्या आधी सलग 5 दिवस. मग अख्ख्या अंगावर एकदाच मोठा मारा. आतड्याचं अस्तर 3 ते 5 दिवसांत नवं होत असतं; ते नवं करणाऱ्या पेशीच मेल्या तर उंदीर साधारण 10 दिवसांत दगावतो. म्हणून अशा प्रयोगांत दहाव्या दिवशी किती उंदीर जगले ते मोजतात.

काकूकडे पान नव्हतं, फळ होतं. पाट्यावर आपटून फोडलेलं, आत पिकलेला केशरी चिकट गर, चमच्याला लागला की सुटत नाही. त्यात गूळ घालून उकळलेलं, माप अर्धा गिलास. तेही जुलाब लागल्यावर. आणि आपल्याकडे जुलाबावर देतात तो कच्चा बेल. पिकलेला उलट पोट साफ करतो! मला जास्त काळजी याचीच वाटली.

वहिनीला किरणं ओटीपोटावरच होती, रोज थोडी, 25 दिवसांत मिळून 45 ते 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप). मुख्य म्हणजे त्या उंदरांना गाठ नव्हती, वहिनीला आहे. आतड्याच्या पेशींना वाचवणारा अर्क गाठीच्या पेशींनाही वाचवू शकतो, म्हणून शेक चालू असताना डॉक्टर असे काढे आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या टाळायला सांगतात. 'झाडपाल्यानं काय होते' असंही नाही. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली होती.

वहिनीनं काढ्याची गोष्ट शेकाच्या डॉक्टरांना सांगितली. त्यांनी तो बंद केला आणि जुलाबाची गोळी लिहून दिली. संध्याकाळी काकूचा पुन्हा फोन, "मंग मीठ-साखरेचं पाणी कसं कराचं, ते तं सांग."

उकळून गार केलेलं 1 लिटर पाणी, चहाचे 6 सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. तिनं ते दोनदा म्हणून घेतलं.