पॉइंटर की रिलेशनशिप? ह्युरिस्टमध्ये एक्सेलमधून नाती आणताना

एक्सेलच्या शीटमधून ह्युरिस्टमध्ये माणसं, गावं, शिलालेख आणणं फार अवघड नाहीये, सीएसव्ही (म्हणजे शीटची साध्या मजकुरातली फाईल) टाकायची, कॉलम जुळवायचे, झालं. अडकायला होतं ते नात्यांपाशी. कारण दोन रेकॉर्ड (रेकॉर्ड म्हणजे एका माणसाची, गावाची किंवा लेखाची नोंद) एकमेकांना जोडायच्या तिथे दोन पद्धती आहेत, एक रेकॉर्ड पॉइंटर आणि दुसरी रिलेशनशिप, आणि स्क्रीनवर दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात, दुसऱ्या रेकॉर्डचं नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की तिकडे गेलात. म्हणून वाटतं की कुठलीही घ्या, काय बिघडतं? बिघडतं, आणि ते बऱ्याचदा दोन-तीनशे ओळी आत गेल्यावर कळतं.

(ज्यांना ह्युरिस्ट माहीत नाही त्यांच्यासाठी, सिडनी युनिव्हर्सिटीत इयान जॉन्सन यांच्या पुढाकाराने तयार झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे, इतिहास, पुरातत्त्व, साहित्य असल्या विषयांत संशोधन करणाऱ्यांसाठी.)

उदाहरण देवगिरीच्या यादवांचं घेते, कारण मी त्याच काळातल्या लेखांचा छोटा डेटाबेस करतेय आणि या घराण्यात नात्यांचा गुंताही भरपूर आहे.

पॉइंटर म्हणजे रेकॉर्डमधलाच एक रकाना, फक्त त्यात मजकुराऐवजी दुसऱ्या रेकॉर्डचा नंबर असतो. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८चा शिलालेख घ्या. लेखाच्या रेकॉर्डमध्ये ‘स्थळ’ असा रकाना, त्यात पाटण या गावाचा नंबर. लेख पाटणचा आहे, विषय संपला. कधीपासून कधीपर्यंत पाटणचा होता, कोण म्हणतं पाटणचा, असे प्रश्नच येत नाहीत. अशा ठिकाणी पॉइंटरच घ्यावा, उगाच रिलेशनशिप करत बसू नये.

आता त्याच लेखात काय लिहिलंय बघा. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला राजा जैत्रपालाने आपल्याकडे बोलावून नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला, आणि त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. चांगदेव आणि सिंघण यांना जोडताना नुसतं ‘जोडलंय’ म्हणून भागत नाही. कोणत्या नात्याने, साधारण कोणत्या वर्षी, आणि हे आपल्याला कळतं कशावरून, तर पाटणच्या लेखावरून, हे सगळं त्या जोडणीबद्दल सांगायचंय. ते चांगदेवाच्या रेकॉर्डमध्येही बसत नाही आणि सिंघणाच्याही नाही, ते दोघांच्या मधलं आहे. त्यासाठी ह्युरिस्टमध्ये नातं हेच एक स्वतंत्र रेकॉर्ड असतं. त्याला सोर्स (नातं जिथून सुरू होतं ती रेकॉर्ड) असतो, टार्गेट (ज्याच्याशी नातं आहे ती रेकॉर्ड) असतो, नात्याचा प्रकार असतो, सुरुवात-शेवटाच्या तारखा देता येतात, आणि आपण ‘पुरावा’ असा रकाना जोडून त्यात शिलालेखाचा पॉइंटरही ठेवू शकतो.

खरा गोंधळ इथेच होतो, कारण रिलेशनशिपच्या आतले सोर्स आणि टार्गेट हेसुद्धा पॉइंटरच आहेत. पण ते नात्याच्या रेकॉर्डमधले पॉइंटर, माणसाच्या रेकॉर्डमधले नाहीत.

मी सुरुवातीला राजांच्या शीटमध्येच ‘मंत्री’ असा कॉलम केला होता. मग हेमाद्री आला, म्हणजे आपला हेमाडपंत, तो महादेवाच्याही दरबारात आणि नंतर रामचंद्राच्याही. दोन्ही राजांसमोर त्याचा नंबर टाकला, तोवर ठीक होतं, पण कुठल्या राजाकडे त्याच्या हातात कोणता कारभार होता आणि ते कुठल्या साधनातून कळतं हे लिहायला जागाच राहिली नाही, मग ‘मंत्री टीप’, मग ‘मंत्री २’, ‘मंत्री २ टीप’ असे कॉलम वाढत गेले. शीटमध्ये असे १, २, ३ आकड्यांचे कॉलम दिसायला लागले की समजायचं, हे नातं वेगळ्या शीटमध्ये जायला हवं.

शीटच्या आकारातच हा फरक दिसतो. पॉइंटर माणसाच्या किंवा लेखाच्या ओळीत एका सेलमध्ये राहतो, एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये उभी रेघ (|) मारून नंबर द्यायचे. रिलेशनशिपची शीट मात्र वेगळी आणि त्यात एक ओळ म्हणजे एक नातं. हेमाद्री दोन राजांकडे, म्हणजे दोन ओळी.

दोन्ही पद्धतींत एक नियम सारखाच आहे, आधी माणसं आणि गावं आत घ्यायची, ह्युरिस्टने प्रत्येकाला दिलेला एच-आयडी एक्सपोर्ट करून आपल्या शीटमध्ये आणायचा, आणि मगच जोडण्या करायच्या. नावावरून जुळवणीही करता येते, पण यादवांच्या बाबतीत ते अजिबात करू नका. जैतुगी दोन आहेत, एक पाचव्या भिल्लमाचा मुलगा, ज्याला पाटणच्या लेखात जैत्रपाल म्हटलंय, आणि दुसरा सिंघणाचा मुलगा, जो बापाच्या आधीच गेला. उलट कृष्ण, कन्हर, कन्हार ही एकाच राजाची नावं. नावावर भरवसा ठेवला तर दोन माणसांचा एक होतो आणि एकाचे तीन, आणि नंतर ते निस्तरायला इम्पोर्टपेक्षा दसपट वेळ जातो.

रिलेशनशिपमध्ये दिशा फार जपावी लागते. सोर्स कोण आणि टार्गेट कोण हे उलटं पडलं तर रामचंद्र कृष्णाचा बाप होतो. मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचते, सोर्स, प्रकार, टार्गेट या क्रमाने, ‘कृष्ण, पिता, रामचंद्र’, म्हणजे कृष्ण हा रामचंद्राचा पिता. नात्याच्या प्रकाराला उलटा शब्द जोडून ठेवला असेल, पिताला अपत्य, तर रामचंद्राकडून बघताना ह्युरिस्ट तो आपोआप दाखवतं, त्यामुळे तेच नातं उलट करून दुसरी ओळ टाकू नका. पॉइंटरला अशी दुहेरी नावं नसतात, तो एकाच बाजूने बोट दाखवतो.

आणि ‘पिता’ व ‘उत्तराधिकारी’ हे वेगळे प्रकार ठेवा. कृष्णानंतर गादीवर त्याचा भाऊ महादेव आला, महादेवानंतर त्याचा मुलगा आमण, आणि १२७१ मध्ये आमणाला बाजूला सारून कृष्णाचा मुलगा रामचंद्र राजा झाला. राजाच्या रेकॉर्डमध्ये ‘वडील’ एवढा एकच पॉइंटर असता तर ही सगळी कथा डेटाबेसमधून गायब झाली असती.

पुन्हा इम्पोर्ट करतानाही दोन्ही वेगळ्या वागतात. पॉइंटरचा कॉलम परत टाकला तर जुनी किंमत ठेवायची, त्यात भर घालायची की बदलून टाकायची हे विचारतं, तिथे घाईने ‘बदला’ दाबलं की आधीचं गेलं. रिलेशनशिपची शीट जुळवणी न करता दुसऱ्यांदा टाकली तर काही पुसलं जात नाही पण प्रत्येक नातं दुप्पट होतं. म्हणून आधी दहा ओळींची चाचणी घ्या, आणि फाईल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्येच सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

ज्यांनी आधीच सगळं पॉइंटरमध्ये भरलंय त्यांनी घाबरू नका. तो रकाना एच-आयडीसकट एक्सपोर्ट करा, डावीकडे मूळ रेकॉर्डचा नंबर, उजवीकडे ज्याच्याकडे बोट होतं त्याचा, मध्ये प्रकाराचा कॉलम, झाली रिलेशनशिपची शीट तयार. ती आत घ्या, नात्यांची संख्या जुन्या पॉइंटरशी जुळते का बघा, आणि जुळली तरच जुना रकाना काढा.