पृथ्वीभोवतीची दोरी आणि एक मीटरची ढील

पृथ्वीच्या विषुववृत्तावर एक दोरी घट्ट गुंडाळली आहे, अशी कल्पना करा. लांबी सुमारे ४०,०७५ किलोमीटर. आता तिला फक्त एक मीटरचा तुकडा जोडला आणि ती सगळीकडून सारखी वर उचलली, तर जमीन आणि दोरी यांच्यात किती फट पडेल? केसाएवढी, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती जवळजवळ १६ सेंटिमीटर असते. मांजर सहज खालून जाईल. त्याहून गंमत म्हणजे फुटबॉलभोवती दोरी गुंडाळून ती एक मीटरने वाढवली, तरी फट तेवढीच!

त्रिज्येच्या दुप्पट व्यास आणि व्यासाच्या ‘पाय’ (π, म्हणजे तीन आणि थोडं, सुमारे ३.१४) पट परीघ, हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. म्हणजे त्रिज्या एक मीटरने वाढली की परीघ ६.२८ मीटरने वाढणार, आणि परीघ एक मीटरने वाढवायचा तर त्रिज्या १ भागिले ६.२८, म्हणजे ०.१५९ मीटरने वाढणार. मूळ वर्तुळ केवढं होतं, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही. धावण्याच्या ४०० मीटर ट्रॅकवर हेच दिसतं. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते, त्यामुळे तिसऱ्या लेनपासून पुढे प्रत्येक लेन तिच्या आतल्या लेनपेक्षा एका फेरीत ७.६७ मीटर लांब पडते. ट्रॅकची वळणं मोठी असोत की छोटी, हा फरक बदलत नाही.

पण हे ‘तीन आणि थोडं’ येतं कुठून? कंपासचं अंतर न बदलता वर्तुळावर खुणा करत गेलं की बरोबर सहा खुणा बसतात. त्या जोडल्या की षट्कोन तयार होतो आणि त्याची प्रत्येक बाजू त्रिज्येएवढी असते. परिमिती झाली सहा त्रिज्या, म्हणजे तीन व्यास. वर्तुळ या षट्कोनाच्या बाहेरून जातं, म्हणून परीघ तीन व्यासांहून जास्तच. उलट वर्तुळाला चिकटून बाहेर चौरस काढला तर त्याची परिमिती चार व्यास. पाय या दोहोंमध्ये अडकला!

आर्किमिडीजने बाजू दुप्पट करत ९६ पर्यंत नेल्या आणि पाय २२/७ पेक्षा किंचित कमी आहे, हे दाखवलं. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने सांगितलं: शंभरात चार मिळवा, आठने गुणा, बासष्ट हजार मिळवा, वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा हा जवळपासचा परीघ. भागाकार करा, ३.१४१६ येतात. नेमकी किंमत अपूर्णांकात मांडताच येत नाही, हे गणितज्ञ लॅम्बर्टने सिद्ध केलं ते थेट अठराव्या शतकात.

पुन्हा पृथ्वीवर येऊ. १२,७५६ किलोमीटर व्यासाला २२/७ ने गुणलं तर परिघात सुमारे १६ किलोमीटरची चूक होते. आर्यभटाची किंमत घेतली तर शंभर मीटरच्याही आत.