पोत आणि थर: चित्रातली आठवण नेमकी कुठं असते?

आपल्याकडची मुलं गावाकडचं घर रंगवायला बसली की कॅनव्हासवर फेव्हिकॉल, वाळू, लाकडाचा भुसा थापतात आणि 'लेयर दिले' म्हणतात. दिलेला असतो तो पोत. थर अजून द्यायचेच असतात.

सारवलेल्या भिंतीवर दोन्ही दिसतात. शेणामातीचा हात फिरला की बोटांच्या अर्धगोल रेघा उठतात, मातीत कालवलेल्या कुटाराच्या काड्या वर येतात. हा पोत, एका दुपारचं काम. त्याच भिंतीचा पोपडा निघाला तर चुन्याखाली कुणाच्या तरी लग्नात दिलेला निळ्या रंगाचा हात दिसतो आणि त्याच्याखाली गेरू. हे थर. ते पडायला वर्षं जावी लागतात.

आठवणीचं चित्र काढायचं असेल तर माझा कौल थराला आहे. आठवण पूर्ण दिसत नाही. काही झाकलं जातं, काही मधूनच वर येतं. हे थर देऊन, खरवडून, पुन्हा झाकूनच साधतं. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाईफनं रंग पसरत, कागदानं थोडा उचलून घेत, पुन्हा पसरत. रंगाचे ढीग न रचताही त्यांच्या चित्राला विलक्षण खोली येते. ते आठवणी रंगवत नव्हते, त्यांची चित्रं कशाचंच चित्रण करत नाहीत. पण थर म्हणजे काय, हे शिकायला त्यांच्याइतकं जवळचं माणूस नाही.

मग पोत फुकाचा का? नाही. जर्मन चित्रकार आन्सेल्म कीफर कॅनव्हासवर वाळलं गवत, राख, शिसं चढवतो, आणि त्यातून युद्धानं जळालेला त्याचा देश उभा राहतो. तिथं ती वस्तूच बोलते. बाजारातून आणलेल्या वाळूऐवजी घरच्या कोठ्यातलं कुटार किंवा पऱ्हाटीची साल लावून बघा, फरक कळेल. माझ्या मते आधी असा पोत, मग त्यावर पातळ थर, हा क्रम सगळ्यात बोलका. खालचा उंचवटा वरच्या रंगातूनही जाणवत राहतो.

ऑइल कलरमध्ये मात्र घाई नको. त्यातलं तेल बहुधा जवसाचं, आपल्या चटणीच्या जवसाचंच. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड लेप वरून वाळतो, आत महिनोन् महिने ओला राहतो. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे; उलट केलं तर तडे जातात. ॲक्रिलिकला ही अडचण नाही, पाणी उडालं की पुढचा थर देता येतो.

दुसऱ्याचं चित्र बघताना शक्य असेल तर उजेड एका बाजूनं पडेल असे उभे राहा, पोताच्या सावल्या लगेच पडतात. थर हवे असतील तर कॅनव्हासच्या कडा बघा. तिथं झाकायचे राहून गेलेले रंग बहुतेक वेळा सापडतात.