सागरी परराष्ट्र धोरण, भारताचे (कोकण किनाऱ्याच्या संदर्भात)

समुद्राचा वापर, त्यावरील हक्क आणि त्यातून उद्भवणारे तंटे यांबाबत भारताचा इतर राष्ट्रांशी असलेला व्यवहार. आंतरराष्ट्रीय कायदा व तहांतील बंधने यांविषयी आदर वाढीस लावण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे राज्यघटनेच्या ५१ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. समुद्रापुरते पाहता हे तत्त्व मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्रकायदा करारातून अंमलात आले. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला कोकण किनारा सुमारे ७२० किमी. लांबीचा आहे. या किनाऱ्यावर अशा व्यवहाराचा लेखी पुरावा करारापूर्वी निदान चारशे वर्षे मागे जातो.

पूर्वपीठिका : पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी आशियाई जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली. हा शब्द अरबी ‘किर्तास’ (कागद) यावरून आला असावा, असे सामान्यतः मानतात. जहाजाचे नाव व आकार, नाखव्याचे नाव, खलाशी, हत्यारे आणि कोठून कोठे जायचे ते बंदर, एवढे त्यात नोंदलेले असे. मिरीसारखा वर्ज्य माल नेता येत नसे व पोर्तुगिजांच्या बंदरात जकात भरावी लागे. कागद नसलेले जहाज मालासकट जप्त होई. या मक्तेदारीविरुद्ध १५७०–७१ मध्ये निजामशाहाने चौलला आणि आदिलशाहाने गोव्याला वेढा घातला. कालिकतचा राजा सामुरी आणि सुमात्रातील आचेचे राज्यही या फळीत होते. वेढे फसले आणि तह झाले. अनेक राज्यांनी मिळून केलेला हा प्रयत्न ठळक असला, तरी त्याला आजच्या बहुपक्षीय सहकार्याचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून होईल.

मराठ्यांनी हेच साधन ‘दस्तक’ किंवा ‘कौल’ या नावाने आपलेसे केले. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या काळात त्यावरून मुंबईकर इंग्रजांशी जो वाद झाला, तो नीट समजून घेण्याजोगा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना कान्होजींची मोठीशी हरकत नव्हती. देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली वा इंग्रजी परवान्यावर नेला, तर तो दस्तकातून सुटतो की नाही, हा खरा मुद्दा होता. इंग्रज म्हणत सुटतो. कान्होजी म्हणत सुटत नाही. जुन्या इंग्रजी लेखनात त्यांना सरसकट चाचे ठरवले आहे. इतिहासकार सुरेंद्रनाथ सेन यांनी हे मत खोडून, किनाऱ्याच्या स्वामित्वातून येणारा हक्कच ते बजावत होते असे दाखवले. तेच अधिक सयुक्तिक वाटते. कारण तोच हक्क पोर्तुगीज बजावत तेव्हा त्यांना सहसा चाचे म्हटले गेले नाही.

या परवान्यांचा संबंध ‘मुक्त समुद्र’ या कल्पनेच्या उगमाशी जोडला जातो. ह्यूगो ग्रोशियस या डच विधिज्ञाने समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, हे मत १६०९ मध्ये मांडले. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ पकडलेल्या ‘सांता कातारीना’ या पोर्तुगीज जहाजाच्या प्रकरणातून ते लेखन निघाले. हिंदी महासागरातील जुन्या खुल्या वहिवाटीची माहिती ग्रोशियसला असावी, असा तर्क आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक सी. एच. अलेक्झांड्रोविच यांनी केला. भारतीय विधिज्ञ राम प्रकाश आनंद यांनी पुढे जाऊन समुद्रस्वातंत्र्याची परंपरा मुळात आशियाई आहे, अशी मांडणी केली. पोर्तुगिजांच्या आगमनापूर्वीच्या काळाला ती बऱ्याच अंशी लागू पडते. सतराव्या-अठराव्या शतकांतील कोकणाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. येथे जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज व मराठे असे सगळेच परवाने देत होते आणि कोणाचा परवाना कोणी मानायचा, हे तहांत ठरत होते.

फुटलेल्या जहाजांचा प्रश्न : शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, जून १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील तहाची कलमे घेऊन रायगडावर आला होता. किनाऱ्यावर फुटणारी इंग्रजी जहाजे व त्यांवरील माल परत मिळावा, असे त्यांतील एक कलम होते. बहुतेक मागण्या मान्य झाल्या, ही झाली नाही. वादळाने किनाऱ्यास लागलेले जहाज वा माल परत करणे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे, शिवाय तुम्हांला ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही ती मागतील, असे उत्तर देण्यात आल्याचे इंग्रजी वृत्तांतात नोंदले आहे. एकास दिलेली सवलत सर्वांस द्यावी लागते, हे आजच्या व्यापार करारांतील सूत्र नकाराचे कारण म्हणून रायगडावर पुढे आले, ही या विषयातील अत्यंत मोलाची नोंद होय. ‘कोकणचा कायदा’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. तिची लेखी संहिता ज्ञात नाही.

समुद्रकायदा करार : मॉल्टाचे प्रतिनिधी आर्व्हिद पार्दो यांनी १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सागरतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा असल्याचे प्रतिपादन केले आणि नव्या कराराच्या हालचालींना वेग आला. भारताने १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाने १२ सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र (मासे, खनिजे इत्यादींवर किनारी देशाचाच हक्क असलेला पट्टा) ठरवले. १९८२ मध्ये करारावर सही झाली व २९ जून १९९५ रोजी भारताने त्यास अनुसमर्थन (अंतिम मान्यता) दिले. दरम्यान गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये अरबी समुद्रातून बहुधातू गोळे (सागरतळावरील अनेक धातू असलेले खडे) वर काढले होते. १९८७ मध्ये सागरतळावरील खनिजांच्या समन्वेषणासाठी (शोधासाठी) ‘आद्य गुंतवणूकदार’ म्हणून नोंदला गेलेला पहिला देश भारत ठरला.

अनन्य आर्थिक क्षेत्रात परकीयांना संमतीवाचून लष्करी कवायती करता येणार नाहीत, असे निवेदन भारताने अनुसमर्थनाच्या वेळी केले. अमेरिकेला हे मान्य नाही. एप्रिल २०२१ मध्ये तिची एक युद्धनौका लक्षद्वीपजवळून मुद्दाम संमती न घेता गेली. परवानगी घ्यायची की नाही, हा दस्तकांच्या काळातला वाद अशा रीतीने अजून जिवंत आहे. उलट, लवादाचा निवाडा पाळण्याची वेळ आली तेव्हा भारताने तो निमूटपणे पाळला. बांगलादेशाबरोबरच्या सागरी सीमेच्या वादात ७ जुलै २०१४ च्या निवाड्याने बंगालच्या उपसागरातील २५,६०२ चौ. किमी. वादग्रस्त क्षेत्रापैकी १९,४६७ चौ. किमी. बांगलादेशाकडे गेले. भारताच्या बांधिलकीचा याहून चांगला दाखला नाही.

१६७४ मध्ये फुटलेल्या जहाजावर हक्क कोणाचा, हा प्रश्न होता. आज ते हलवायचे कोणी, हा आहे. २००७ च्या नैरोबी करारानुसार ही जबाबदारी जहाजमालकाची असून भारत त्यात २०११ मध्ये सामील झाला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगर तुटून रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यास लागले. खलाशी वाचले. जहाज मात्र पुढे काही वर्षे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला टेकून गंजत राहिले. पावसाळ्यात वाळूत येणारे डांबरगोळे (समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट गोळे) हे याच प्रश्नाचे दुसरे रूप होय. पायाला चिकटलेले हे डांबर रॉकेलाने वा तेलाने घासल्यावाचून सहजी निघत नाही. ते कोणत्या जहाजाने सोडले हे सिद्ध करणे अवघड असल्याने तेलप्रदूषणविरोधी करार येथे तोकडा पडतो.

मच्छीमार व खलाशी : कायदा अंतर सागरी मैलांत मोजतो, कोळी, भंडारी, गाबीत व दालदी पाण्याची खोली वावांत (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) मोजतात. कच्छजवळील सर क्रीक या खाडीचा वाद न सुटल्यामुळे पाकिस्तानशी सागरी सीमा ठरलेली नाही. गुजरातच्या बोटींवर कामाला जाणारे पालघरचे खलाशी त्यामुळे पकडले जातात आणि शिक्षा भोगून झाल्यावरही परतीसाठी खोळंबतात. २००८ च्या द्विपक्षीय करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरच्यांना माणूस जिवंत असल्याची खात्री कित्येकदा त्या यादीतूनच मिळते. व्यापारी जहाजांवरील खलाशांचे वेतन व मायदेशी परत येण्याचा हक्क यांसाठी असलेला २००६ चा सागरी श्रम करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला.

जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हा परिषदेत जून २०२२ मध्ये मत्स्य-अनुदानांविषयी करार झाला. मासेमारीची क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा प्रश्न पुढील वाटाघाटींवर सोपवण्यात आला असून विकसनशील देशांना २५ वर्षांची मुदत मिळावी, अशी भारताची मागणी आहे. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातील बोटमालकाच्या दृष्टीने हा डिझेलवरील कराच्या परताव्याचा प्रश्न आहे.